घळीत रुसलेला जवाई

आमच्या ओतकामाच्या कारखान्यात लोखंड कमी ढळे आन किस्से जास्त. पाळी सुटली का हिंगण्याच्या नाक्यावर चहा घेता घेता एक जण सुरू करे, दुसरा त्यात मीठ टाके, तिसरा मिरची. आठ दिवसांनी माह्याच किस्सा मलेच कोणी येऊन सांगे, आन मीच म्हणो, "हे कवा झालं गा?"

हा सायकलीचा किस्सा मी येवढ्या खेपा सांगतला का आता तोंड उघडाचाच कंटाळा येते. पण तुमी काही सोडत नाही. बसा मंग. मधात कोणी बोलू नका, माह्यं डोस्कं गरम होते.

*

सुरुवात केली फ्रान्सिसनं. स्टोअरचा कारकून. राहे नागपुरात सदरले, इंग्रजी वाचे. तिथल्या रद्दीवाल्याकडून जुने इंग्रजी मासिकं आणे आन जेवणाच्या सुटीत आमाले फोटो दाखवे.

एक दिवस असाच फोटो आणला. लाल मातीच्या उंच उंच भिंती, खाली रेती, आन मधात एक गोरा. बाजूले सायकल, मागं इवलासा तंबू. गोरा हासून राह्यला होता.

"हे काय होय?" मी इचारलं.

"कॅम्पिंग. वाळवंटातल्या घळीघळीतून सायकलनं जाचं. घर नाही, हॉटेल नाही. बाहेर झोपाचं, बाहेर शिजवाचं, बंदं बाहेरच कराचं."

मी म्हटलं, "अबे, मंग आमचं गाव तं जन्मभर कॅम्पिंगच करून राह्यलं!"

गुलाबच्या नाकातून चहा आला. गुलाब म्हणजे आमचा साचेवाला. आंगानं दोघांयेवढा, खाण्यानं तिघांयेवढा.

पण फ्रान्सिसनं काही सोडलं नाही. म्हणे, "आपल्या देशात बी हाय ना अशा घळी. चंबळले. बीहड म्हणते त्याले. पाणी नाही, झाड नाही, नुसत्या मातीच्या भिंती."

गुलाब म्हणे, "तिथी तं डाकू हाय ना?"

"कमी झाले आता."

"किती कमी?"

"पेपरात कमी येते."

*

मले काही घळी पाहाच्या नव्हत्या. माती काय मी पाह्यली नव्हती? मी गेलो मायपायी.

आमच्यातला चौथा होता नीळकंठ. आमचं गाव उमरेडच्या पलीकडं. मी आन निल्या एकाच गावचे, एकाच दिवशी शाळा सोडली, एकाच कारखान्यात लागलो. माह्यी बहीण शांती त्यालेच देल्ली. म्हणजे दोस्त होता, त्याचा जवाई झाला.

दिवाळीले शांती माहेरी आली. आमच्याकडं रीत अशी, का जवायानं न्यायले याव, तवाच पोरगी जाते. आपण होऊन पोचवून देल्ली तं गावभर तोंड लपवाव लागते. आन निल्या काही येईना. संक्रांत गेली, होळी गेली, आखजी म्हणजे अक्षय तृतीया जवळ आली. कारखान्यात रोज भेटे, हासे, तंबाखू मागे. पण शांतीचं नाव काढलं का त्याले मशीनीले तेल द्याची आठवण ये. काहून येत नाही, ते सांगेच ना!

शांती येस्टीचा आवाज आला का दारात जाऊन उभी राहे, मंग केरसुणी घेऊन आंगण झाडे. झाडलेलंच आंगण!

तेवढ्यात लाईटची कपात आली आन कारखाना बंद झाला. फ्रान्सिसले रान मोकळं, चंबळले जाचं त्यानं ठरवूनच टाकलं. निल्या जातो म्हणे, हे मायले समजलं. माय मले म्हणे, "महादेवा, तू बी जाय. त्याच्यासंगं गोड बोल. आन न्यायले कवा येते, ते इचारूनच वापस ये."

"मी गोडच बोलतो."

"तू गोड बोलला तं गल्लीतले कुत्रे भुकते," माय म्हणे.

निघताना शांतीनं जवसाच्या चटणीचा डबा हाती देल्ला. "भाऊ, हे त्याईले दे. मी देल्ली म्हणून नको सांगू."

गाडी सुटल्यावर मी तो डबा निल्यासमोर सरकवला. "घ्या जवाईबापू. दुकानातली हाय."

निल्यानं बोटभर घेतली, लय येळ चघळत बसला. मंग खिडकीबाहेर पाहून म्हणे, "दुकानात जवस येवढं खरपूस कोणी भाजत नाही."

बस, तेवढंच! मी गोड बोलाले तोंड उघडलं, तं हा घोरून राह्यला!

*

ग्वाल्हेरपर्यंत रेल्वे, सायकली लगेजात. तिथून पुढं पायडल. पह्यल्याच दिवशी समजलं का फोटोत घाम दिसत नाही.

चंबळच्या घळी म्हणजे कसं सांगू? पाण्यानं माती कापत नेली आन मधात उभे कडे राह्यले, दोन दोन माड्यायेवढे. एका घळीतून निघालं का दुसरी हजर. तिच्यातून निघा, तं तिसरी. बंद्या एकाच साच्यातल्या. खाली पिठासारखी धूळ, चाक निम्मं आत जाते. सावली म्हणून बाभूळ, तं तिची सावली बी टोचते. बोलाले तोंड उघडलं का दातात माती. सायकलवर बसाचं कमी, ढकलाची जास्त, आन चढावर तं खांद्यावरच घ्याची.

मी म्हटलं, "फ्रान्सिस, आपण सायकलवर जाऊन राह्यलो का सायकल आपल्यावर?"

फ्रान्सिसनं खिशातून तो फोटो काढला. धुळीनं गोऱ्याचं तोंड बी दिसत नव्हतं. म्हणे, "त्याचा बी रस्ता असाच असन."

"मंग हासून काहून राह्यला तो?"

फ्रान्सिस म्हणे, "फोटो काढणाऱ्यानं सांगतलं असन!"

*

आमी नागपूरचे. ऊन काही नवीन नाही. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवाचा, हे आमच्याकडं लेकराले बी समजते. निघताना मी बंद्यायले एक एक कांदा देल्ला. म्हटलं, "जीव गेला तं चालन, पण हा खिशातून काढाचा नाही."

दुपारी पाहतो तं गुलाबचा खिसा सपाट!

"कांदा कुठी गेला बे?"

"खाल्ला. रोटीसंगं."

माह्यं टाळकं सटकलं. "अबे, तो उन्हासाठी होता! लू लागली तं तुह्यासारखं धूड कोण उचलन? आमच्यात हाय काय दम?"

गुलाब पोटावर हात फिरवून म्हणे, "महादेवभाऊ, खिशात काय आन पोटात काय. कांदा माह्यापाशीच हाय ना!"

संध्याकाळी डोस्कं दुखून खाली कोण बसलं, माहीत हाय? मी. माह्या खिशात दोन कांदे होते!

*

आता तंबू. गोऱ्याचा तंबू इवलासा. आमाले तसा कोण देते? गुलाबचा सासरा इतवारी बाजारात मांडवाचं सामान भाड्यानं देये. त्याच्याकडून गुलाब मांडवाचा एक तुकडा घेऊन आला. लाल-पिवळा, चारी बाजूनं झालर, आन आतून आरसे टाचलेले!

एका गावाच्या खालच्या अंगाले, घळीच्या तोंडाशी तो बांधला. उन्हं उतरली होती. आरसे चमकले. झालं! पह्यले लेकरं आले, मंग बाया आल्या, मंग पगड्यावाले बुडे. येऊन ओळीनं बसलेच.

एक बुडा म्हणे, "किसकी शादी है?"

गुलाब म्हणे, "शादी नहीं बाबा, कॅम्पिंग है."

बुडा मागं वळून सांगे, "कॅम्पिंग जी की शादी है!"

आता उठा म्हणाव तरी कसं? खिचडी टाकली होती चौघांची. गुलाबनं पाणी वतलं, पुन्हा वतलं, आन जेवढे बसले तेवढ्यायले एक एक पळी वाढली. आमच्या वाट्याले खिचडीचा रिकामा गंज धुवाचं काम राह्यलं.

जेवून हात पुसत बुडा म्हणे, "दुल्हन नहीं दिखी."

मले वाटलं, हाच मोका. मी मोठ्यानं म्हटलं, "दुल्हन मायके में है. दूल्हा लेने ही नहीं जाता."

"राम राम! दूल्हा कौन?"

मी गंज घासाले लागलो. पण गुलाब भैताडानं पळीनं निल्याकडं दाखवलं!

बुडा सरकत सरकत निल्याजवळ गेला. बायको म्हणजे काय, घर म्हणजे काय, त्याच्या बापानं त्याच्या मायले कसं बैलगाडीतून आणलं, बंदं सांगत बसला. निल्या मान खाली घालून, "जी बाबा, जी बाबा." बुडा उठेपर्यंत निल्याचे पाय आकडले.

गाव उठून गेल्यावर निल्या माह्यासमोर आला. "महाद्या, खरं सांग गा. हा बुडा तूच बोलावला न्?"

*

आन मंग ते सोल्यूशन.

बाभळीचे काटे असे का एक टायरातून घुसे आन सीटपर्यंत समजे. ट्यूब म्हणजे चाळणी झाली होती. पंक्चरचं सामान निल्यापाशी. तो मन लावून पॅच बसवे, त्यात काही खोट नाही.

भर दुपारी, घळीच्या पार तळाशी माह्यं मागचं चाक बसलं. सावली नाही. पाणी तोंड वलं करण्यापुरतं. तरी बी मी गोड बोललो. "जवाईबापू, जरा सोल्यूशन द्या."

"संपलं."

"सकाळी तं अर्धी नळी होती!"

"चप्पल तुटली होती. चिकटवली."

पाहतो तं चप्पल उघडीच्या उघडी! चिकटली बी नव्हती!

मंग काय! तुमाले माह्यं तोंड माहीत हाय. म्हटलं, "अबे भैताडा, पंक्चरचं सोल्यूशन चपलीले लावते? तुह्या अशा अकलेपायीच माह्यी बहीण तुह्या घरी नांदत नाही!"

गुलाबनं हातातली रोटी खाली ठेवली.

निल्यानं दोन्ही चपला काढल्या. धूळ झटकली. माह्यासमोर जोडीनं ठेवल्या. म्हणे, "घे. ट्यूबले लाव."

आन अनवाणी सायकल ढकलत पुढं निघून गेला. तवापासून माह्यासंगं बोलणं बंद.

फ्रान्सिस म्हणे, "महादेवभाऊ, माफी मागून टाका."

कायची माफी? सोल्यूशन चपलीले लावते का कोणी? आज बी मी तेच म्हणन. पण टायरात वाळलं गवत कोंबता कोंबता मी हिशोब लावला. जवाई आला तं आमच्याकडं बुडा सासरा बी खाट सोडून उठते. आन मी त्याले भैताड म्हणून बसलो, तेबी शांतीचं नाव घेऊन! आता हा न्यायले येते कायले? मायले काय सांगू? शांती आंगण किती खेपा झाडन?

चपला मात्र मीच घेतल्या कॅरिअरवर. फेकता थोडीच येते जवायाची चप्पल!

*

निल्याले काही सांगाचं असलं तं फ्रान्सिसच्या हाती निरोप. मी दोन हातावर उभा असो, तरी बी, "फ्रान्सिस, त्याले सांग, मीठ दे." फ्रान्सिस माह्याकडं वळून, "महादेवभाऊ, नीळकंठभाऊ मीठ मागून राह्यले." शिकला माणूस, लय रीतीनं बोले.

एका उताराले मी पुढं होतो. ब्रेक कवाचाच गेला होता, पाय घासत चाल्लो होतो. मागून निल्यानं पाह्यलं का पुढं वाट तुटली. तो वरडला, "फ्रान्सिस! त्याले सांग, समोर खड्डा हाय!"

फ्रान्सिसनं सायकल थांबवली. घसा साफ केला. "महादेवभाऊ, नीळकंठभाऊ असं म्हणून राह्यले का..."

धप्प!

खड्ड्यात मी खाली, सायकल वर, आन गवत कोंबलेलं चाक फिरूनच राह्यलं. वरून निल्याचा आवाज आला, "फ्रान्सिस, त्याले इचार, लागलं का."

मी खालून वरडलो, "त्याले सांग, नाही!"

लागलं होतं. हे ढोपर आजपर्यंत वाजते.

*

वापस निघाच्या दिवशी वाट हरपली. उन्हं कलली होती, मातीच्या भिंती लाल झाल्या होत्या, अगदी फोटोत होत्या तशा. पण पाहाचा कोणात दम होता? बाटल्या कोरड्या. गुलाब आडवा, फ्रान्सिस सायकलले टेकून, आन निल्या आमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसलेला.

तेवढ्यात वरच्या कड्यावर बंदुका दिसल्या. मंग बंदुकांमागच्या मिशा.

तिकडं बंदूक बंदेच बाळगते. दूधवाल्याच्या बी खांद्याले आमी पाह्यली. म्हणून हे डाकू होते, का साध्या कपड्यातले पोलीस, का कोणाच्या वरातीले चाल्ले होते, हे मले आजवर समजलं नाही. इचाराव तरी कसं?

चौघं खाली उतरले. म्होरक्या म्हणे, "कहाँ से आए हो?"

फ्रान्सिस हात वर करून म्हणे, "नागपूर से."

"इतनी दूर से? यहाँ क्या है?"

"जी, फोटो में देखा था."

म्होरक्याले ते काही पटलं नाही. त्याची नजर निल्यावर गेली. "वो कौन है? मुँह फेरकर क्यों बैठा है? क्या छुपा रहा है?" आन बंदूक निल्याच्या पाठीकडं वळवली.

न्यायले येते का नाही ते राह्यलंच दूर, आता शांतीच्या कुंकवाचीच गोष्ट आली! मी जीव तोडून वरडलो, "निल्या, उठ गा! इकडं पाह्य गा! बोल गा!"

निल्या हालेना. माह्यासंगं अबोला ना त्याचा!

"अरे, बोल ना गा! बोल गा! काहीतरी बोल गा!"

म्होरक्याची बंदूक खाली आली. "ये गा-गा क्या कर रहा है? वो गवैया है?"

फ्रान्सिसनं हात जोडले. "नहीं हुजूर. हमारे उधर आदमी को गा बोलते हैं."

"आदमी को बोलते हैं गा," म्होरक्या म्हणे, "तो आदमी गाएगा ना?" आन बंदुकीच्या नळीनं निल्याले टोचलं. "चल, गा!"

निल्या उठला. आमच्या गावच्या दंडारीत तो दरसाल बाईचं सोंग घेऊन गाये, गळा बारीक, पण सुरात पक्का. कानावर हात ठेवला, माह्याकडं वळला, डोळ्यात डोळे घातले, आन दंडारीच्या चालीवर सुरू झाला!

"महादेवा गा महादेवा, तोंड तुह्यं गटार जी!"

म्होरक्याचे डोळे मोठे झाले. "महादेव का भजन है!" चौघंबी खाली बसले. पायातले जोडे काढले. मले म्हणे, "तू क्या देखता है? साथ दे!"

मी टाळी धरली. "जी रं जी जी!"

"महादेवा, तुह्या शिव्यायनं पिकं जळते वावरात जी!"

"जी रं जी जी!"

"संक्रांतीले न्यायले आलो, पोचलो तुह्या दारात जी... महादेवा, तुह्यं वरडणं आयकलं, वापस फिरलो रस्त्यात जी!"

माह्यी टाळी तिथीच थांबली. दारात? संक्रांतीले? म्होरक्यानं डोळे वटारले. मी पुन्हा टाळी धरली.

गुलाब उठून बसला. तो बी टाळ्या वाजवाले लागला. फ्रान्सिस बी. चौघं मिशावाले डोळे मिटून डोलून राह्यले. एकाच्या डोळ्याले पाणी! निल्याचा आवाज असा चढला का घळीच्या भिंती वापस गावाले लागल्या.

"शांतीले म्हणा, बोचकं बांध, येतो मी आखजीले जी... महादेवा, त्या दिशी तू जाय गा वावराले जी!"

तोंडानं साथ द्याचं मी विसरलोच. नुसती टाळी वाजवत राह्यलो.

म्होरक्यानं डोळे उघडले, बंदुकीचा दस्ता माह्या बरगडीत खुपसला, आन म्हणे, "ज़ोर से बोल! भगवान का नाम है!"